काजव्यांचा मुकुट

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की विद्यार्थ्यांना वार्षिक स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. अंधेरी-बोरिवलीकडे पाहा, नाही तर घाटकोपर-मुलुंडकडे. मुंबईच्या उपनगरांतील शाळाशाळांतून त्या दिवसांत एकच लगबग चाललेली दिसते. कोठे नाटिकेची तालीम चालू असते, तर कोठे पुठ्ठा, रंगीत कागद आणि खळ यांचा पसारा मांडून मुले राजाचा मुकुट, हनुमंताची गदा किंवा मोराचा पिसारा तयार करीत असतात. विकत आणलेल्या वेषापेक्षा स्वतःच्या हातांनी केलेल्या वेषाची गोडी काही वेगळीच असते.

समजा, तुमच्या नाटिकेत रानाचा देखावा आहे आणि तुमच्या वाट्याला एका झाडाची भूमिका आली आहे. साधेसुधे झाड नव्हे, तर काजव्यांनी बहरलेले झाड! मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, पाऊस तोंडावर आलेला असताना, अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या परिसरात अशी लखलखणारी झाडे पाहावयास दूरदूरचे लोक जातात. डोक्यावर फांद्यापानांचा मुकुट आणि त्या पानांतून लुकलुकणारे काजवे, असा वेष साधला तर रंगमंचावर केवढी शोभा येईल! परंतु डोक्यावर दिवे लावायचे कसे?

डोक्यावर दिवा घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. गोव्यात शिमग्याच्या उत्सवात दिवली नृत्य होते. पेटलेली पितळी दिवली डोक्यावर तोलून स्त्रिया नाचतात. हात मोकळे असतात, पावले तालात पडतात, पण दिवली ढळत नाही. हे कौशल्य एका दिवसात येत नाही. दुसरे उदाहरण लग्नाच्या वरातीचे. रात्रीच्या वरातीत दुतर्फा गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणारे स्त्री-पुरुष पूर्वी सर्वत्र दिसत. रॉकेलने भरलेली ती बत्ती जड असे आणि तापलेलीही असे. पुढे कित्येक वरातींत विजेचे दिवे आले, तेव्हा रॉकेल गेले. पण प्रत्येक दिव्याला तार आली आणि ती तार मागून येणाऱ्या जनित्राच्या गाडीला बांधली गेली. वरातीतील माणसे मनाला येईल तसे नाचत. दिवा वाहणाऱ्याला मात्र तारेच्या लांबीपलीकडे पाऊल टाकता येत नसे. दुसऱ्यांचा आनंद उजळणाऱ्या त्या माणसांच्या मानेवर किती भार असतो, याचा विचार फार थोडे लोक करतात.

या दोन्ही उदाहरणांत अडचण एकच आहे. जेथे प्रकाश हवा, तेथेच दिवा न्यावा लागतो. आणि दिव्याबरोबर त्याची ज्योत, त्याची उष्णता, त्याचे वजन आणि त्याची तार हीही यावी लागतात. कागदाच्या मुकुटावर ज्योत तर चालणारच नाही. मग दिवा एकीकडे ठेवून त्याचा प्रकाश तेवढा दुसरीकडे नेता येईल काय? विहिरीचे पाणी पाटाने शेतात नेतात, त्याप्रमाणे प्रकाशालाही वळणावळणाने हवे तेथे नेता येईल काय?

‘प्रकाश सरळ रेषेत जातो,’ हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे आणि ते खरे आहे. म्हणूनच तर वस्तूची सावली पडते. तरीही या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. ते कसे, हे एका सोप्या प्रयोगाने तुम्हाला घरीच पाहता येईल.

एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या. तळापासून चार-पाच बोटे वर तिला पेन्सिलच्या टोकाएवढे गोल छिद्र वडील माणसांकडून पाडून घ्या. छिद्रावर बोट धरून बाटली पाण्याने भरा आणि खाली बादली ठेवा. खोलीत अंधार करा. आता छिद्राच्या बरोबर समोरच्या बाजूने बाटलीवर विजेरीचा झोत टाका आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून बादलीत पडू लागेल. त्या धारेखाली तळहात धरा. तळहातावर प्रकाशाचा ठिपका हललेला दिसेल! प्रकाश धारेबरोबर वाकून खाली आला. पाणी संपत येऊन धार तुटू लागली, की ठिपकाही विझतो.

येथे प्रकाशाने आपला नियम मोडला काय? मुळीच नाही. प्रकाशकिरण पाण्यातून सरळच गेला. धारेच्या कडेशी पोहोचताच त्याने हवेत निसटण्याचा प्रयत्न केला. परंतु तो फार तिरपा येऊन आदळला, म्हणून बाहेर न जाता आत परतला. पुन्हा सरळ गेला, समोरच्या कडेवर आदळला आणि पुन्हा आत वळला. अशा लहान लहान सरळ रेषांनीच त्याने ते वळण पार केले. घाटातला रस्ता जसा लहान लहान तुकड्यांनी डोंगर उतरतो, तसेच हे समजा.

पाण्यातील किरण हवेच्या सीमेवर किती तिरपा आदळतो, यावर सारे अवलंबून असते. सीमेला लंब असलेल्या रेषेस स्तंभिका म्हणतात. किरणाचा स्तंभिकेशी होणारा कोन सुमारे 49 अंशांहून लहान असेल, तर किरणाचा बराचसा भाग बाहेर पडतो. त्याहून मोठा असेल, तर सारा प्रकाश आत परततो. या मर्यादेच्या कोनाला ‘क्रांतिक कोन’ आणि अशा परतण्याला ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ असे म्हणतात. येथे ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चांगल्यातला चांगला आरसाही प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश गिळतो. एखाद्या बारीक नळीला आतून आरसा लावला आणि किरण तिच्यात शेकडो वेळा आपटला, तर शेवटी काहीच हाती लागणार नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनात मात्र असा तोटा होत नाही.

पाण्याच्या धारेचा हा चमत्कार जिनिव्हा येथील दानिएल कोलादों या शास्त्रज्ञाने 1842 साली प्रसिद्ध केला. जॉन टिंडल यांनी 1854 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असाच प्रयोग श्रोत्यांना करून दाखविला. पण पाण्याची धार कोणाला मुकुटात गुंफता येणार? तिच्या जागी काचेचा किंवा प्लास्टिकचा बारीक, लवचीक धागा हवा होता.

या कामी एका भारतीयाचे नाव आदराने घेतले जाते. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म 1926 साली पंजाबातील मोगा येथे झाला. डेहराडूनला शाळेत शिकत असतानाच, प्रकाश सरळ रेषेतच का जावा, त्याला वळविता का येऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. पुढे ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तेथे हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या अनेक बारीक तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखविले. त्यांचा लेख 1954 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच अंकात हॉलंडच्या व्हॅन हील यांचाही लेख होता. उघड्या तंतूला बोट लागले, ओरखडा पडला किंवा शेजारचा तंतू चिकटला, की तेथून प्रकाश गळतो. म्हणून तंतूवर वेगळ्या पारदर्शक पदार्थाचे पातळ वेष्टण द्यावे, हे त्यांनी दाखविले. मग किरण आतील गाभा आणि बाहेरील वेष्टण यांच्या सीमेवरूनच परत फिरतो आणि बाहेर कितीही हाताळले तरी त्याला धक्का लागत नाही. अशा वेष्टित तंतूला आपण ‘प्रकाशतंतू’ म्हणू. व्यवहारात त्याला ‘ऑप्टिकल फायबर’ म्हणतात. कपानी 2020 साली निवर्तले. त्यानंतर 2021 साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आता आपल्या मुकुटाकडे वळू. त्यासाठी प्लास्टिकचे प्रकाशतंतू घ्यावेत. काचेचे नकोत, कारण काचेचा तुकडा कातडीत रुतण्याचे भय असते. शोभेच्या दिव्यांचे सामान विकणाऱ्यांकडे ते मिळतात. झुपक्यासारखा पसरलेला, टोके चमकणारा शोभेचा दिवा तुम्ही पाहिला असेल. असा जुना, बंद पडलेला दिवा घरात असेल तर त्याचेही तंतू उपयोगी पडतात. एलईडी, खटका वगैरे बारीकसारीक सामानासाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे.

प्रथम मुकुटाचा पाया करावा. डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून त्याहून तीन सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद अशी पुठ्ठ्याची पट्टी कापावी. तिला आतून सुती कापड लावावे, म्हणजे कपाळाला टोचणार नाही. बारीक तारेवर तपकिरी कागद गुंडाळून फांद्या कराव्यात, त्यांना हिरव्या कागदाची पाने लावावीत आणि त्या पट्टीवर घट्ट बसवाव्यात. तारेची टोके वळवून आत दडवावीत.

मग तंतूंची जुडी बांधावी. 0.75 मिलिमीटर जाडीचे, सुमारे सव्वा मीटर लांबीचे 19 तंतू घ्या. 19 च का? सारख्या आकाराची नाणी मेजावर मांडून पाहा. एका नाण्याभोवती बरोबर 6 नाणी बसतात. त्यांच्याभोवती आणखी 12. एकूण झाली 19. ही रचना घट्ट बसते आणि तिच्या व्यासात एका ओळीत पाच तंतू येतात. म्हणजे जुडीचा व्यास पाच गुणिले 0.75, अर्थात 3.75 मिलिमीटर. नेहमीच्या लहान एलईडीचा व्यास 5 मिलिमीटर असतो. त्यामुळे जुडीचे सारे तोंड त्या एका दिव्यासमोर येते आणि एका दिव्यातून 19 काजवे उजळतात.

जुडीला काळी चिकटपट्टी गुंडाळून तिचे एक टोक मोठ्या माणसांकडून धारदार पात्याने सपाट कापून घ्यावे. सपाट पृष्ठभागावर ओला पॉलिशपेपर ठेवून, प्रथम 400 क्रमांकाचा आणि मग 1000 क्रमांकाचा, त्यावर ते टोक हलक्या हाताने घासावे. टोक जितके गुळगुळीत, तितका प्रकाश आत अधिक शिरतो. नंतर सरबताच्या जाड नळीच्या तुकड्यात एका बाजूने जुडी आणि दुसऱ्या बाजूने एलईडी बसवून दोन्ही एकमेकांना भिडवावीत आणि बाहेरून काळी चिकटपट्टी लावावी.

पांढऱ्या एलईडीला सुमारे 3.2 व्होल्ट लागतात. दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडले तर 4.5 व्होल्ट होतात. वरच्या 1.3 व्होल्टचा भार सोसण्यासाठी 68 ओहमचा रोध मध्ये जोडावा. म्हणजे प्रवाह 20 मिलिअँपिअरच्या आत राहतो आणि दिवा जळत नाही. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे असावा. डाख देण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे. सेल, रोध आणि खटका हे सारे एका लहान डबीत बसवून ती डबी कमरपट्ट्याला अडकवावी. पाहा, दिवा कमरेवर राहिला!

आता तंतू कापडी नळीतून पाठीवरून वर न्यावेत, मुकुटाच्या मागील बाजूने आत घ्यावेत आणि एकेक तंतू एकेका फांदीवरून पानापर्यंत पोहोचवावा. दोऱ्याने हलकेच बांधावा. तापवून लावायचा गोंद तंतूला लावू नये. सुमारे 100 अंश सेल्सिअसच्या पुढे हे प्लास्टिक मऊ पडते आणि तंतूचा आकार बिघडतो. याच कारणासाठी जुन्या पद्धतीचा तापणारा बल्बही जुडीजवळ आणू नये. तंतूला कोपरा करू नये. वळण द्यायचे ते ऐसपैस, निदान दोन सेंटिमीटर त्रिज्येचे द्यावे. वळण फार आवळले, तर किरण कडेवर कमी तिरपा आदळतो आणि आत परतण्याऐवजी बाहेर पडतो. अंधारात तंतू बोटांनी वाकवून पाहा. वळण आवळताच तेथे उजेड गळताना दिसेल. पाण्याच्या प्रयोगात शिकलेला नियमच तेथे डोळ्यांना दिसतो.

एक बारकावा राहिला. सपाट कापलेल्या टोकातून प्रकाश मुख्यतः समोरच पडतो; बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला तो काजवा अंधुक दिसेल. यावर उपाय सोपा आहे. टोकाचा अर्धा सेंटिमीटर भाग पॉलिशपेपरने चहूबाजूंनी खरबरीत करावा. मग प्रकाश तेथून सर्व दिशांना फुटतो आणि टोक मण्यासारखे चमकते. दिव्याजवळचे टोक गुळगुळीत हवे आणि पानाजवळचे खरबरीत. एकाच तंतूच्या दोन टोकांची कामे अशी वेगळी आहेत. आणि तुम्ही रंगमंचावर येताच तेथील मोठे दिवे मंद करावयास सांगायला विसरू नका; भर उजेडात काजवे कोणाला दिसणार?

हौसेपेक्षा जीव मोलाचा आहे, म्हणून काही पथ्ये कसोशीने पाळावीत. मुकुटासाठी भिंतीतील विजेचा उपयोग कधीही करू नये. बटणासारखे चपटे सेल वापरू नयेत. घरातील लहान भावंडाने असा सेल गिळला, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. तंतू किंवा दोरा गळ्याभोवती गुंडाळू नये, आणि मुकुटाची गाठ हनुवटीखाली बांधू नये. नाचताना तंतू कोठे अडकला, तर मुकुट सहज निघून पडला पाहिजे. मुकुट पडला तर प्रेक्षक हसतील, एवढेच. मान अडकली तर काय होईल, याचा विचार करा. तंतूंची टोके स्वतःच्या किंवा शेजारच्या नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नयेत.

असा मुकुट घातलात, म्हणजे तुमच्या ध्यानात येईल, की टोके उजळलेली असूनही हाताला मुळीच गरम लागत नाहीत. खऱ्या काजव्याचा प्रकाशही थंडच असतो. त्याच्या पोटातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो प्रकाश निर्माण होतो आणि उष्णता जवळजवळ होतच नाही. काजवा आपला दिवा स्वतःच्या अंगातच तयार करतो. आपल्याला ती विद्या साधलेली नाही, म्हणून आपण दिवा दूर ठेवून प्रकाश तेवढा वर आणला. उपाय निराळा, पण डोक्यावर चटका नाही हे फळ सारखेच.

दिवा दूर ठेवण्याच्या याच युक्तीने कितीतरी रुग्णांचे दुःख हलके केले आहे. माणसाच्या जठरात व्रण झाला आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावयाचे तर आत उजेड हवा. तापणारा दिवा पोटात कसा सोडणार? 1957 साली बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी प्रकाशतंतूंची लवचीक दुर्बीण वापरून दाखविली. ती त्यांनी प्रथम स्वतःच्याच घशातून आत सोडली होती. तिच्यामुळे दिवा बाहेर राहिला, प्रकाश आत गेला, आणि आतले चित्र तंतूंवाटे बाहेर आले. पोट न फाडता पोटात पाहणे शक्य झाले.

आणि दूरदेशीचे काय? आपला तंतू एक मीटरभर आहे. तेवढ्यात प्रकाशाचा थोडाच भाग वाटेत हरवतो. मैलोगणती अंतराला मात्र काच अतिशय शुद्ध हवी. चार्ल्स काव यांनी 1966 साली जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह हे दाखवून दिले, की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर 100 भागांपैकी 1 भाग प्रकाश उरला, तरी संदेश पाठविता येतील. आज एक किलोमीटरनंतर सुमारे 95 भाग उरतात, इतकी काच शुद्ध झाली आहे. काव यांना 2009 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. अशा तंतूंच्या केबली महासागराच्या तळावरून देशोदेशी गेल्या आहेत आणि त्यांपैकी अनेक केबली अंधेरीजवळच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भूमीला लागतात. परदेशी असलेल्या काकांशी तुम्ही बोलता, तेव्हा ते बोलणे बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने केसाएवढ्या काचेच्या तंतूतून समुद्राखालून येत असते. वर्सोव्याचे कोळी बांधव वर होड्या हाकारीत असतात आणि खाली वाळूत तो प्रकाश वळणे घेत जात असतो.

तुमच्या मुकुटातील तंतू प्लास्टिकचा आणि साधा आहे, हे खरे. परंतु त्यात प्रकाश ज्या नियमाने चालतो, त्याच नियमाने तो डॉक्टरांच्या दुर्बिणीत आणि सागरातळीच्या केबलीतही चालतो. तेव्हा संमेलन आटोपल्यावर मुकुट फेकून देऊ नका. धाकट्या इयत्तेतील मुलांना जवळ बोलवा, त्यांच्यासमोर बाटलीचा प्रयोग करा, आणि दिवा कमरेवर असताना काजवे डोक्यावर कसे चमकतात, याचे कारण त्यांनाच शोधू द्या.